नाकानं दिलेला अधिकार

तो हसला नसता तर पुढचं सगळं मी गिळलं असतं. मला गिळायची सवय आहे. फ्रेंच शिपाई गिळले, त्यांचा पाद्री गिळला, वादळात घराचं छप्पर गेलं तेही गिळलं. पण माझ्या म्हाताऱ्या बापाला पाण्यात उतरताना बघून कुणी हसावं, ते काही माझ्या घशाखाली उतरेना. अजूनही उतरत नाही.

तो म्हणजे एलेमा. खरं नाव एल्मर का कायसं होतं, आमच्या तोंडात त्याचं एलेमा झालं. अमेरिकेतला, मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी, वय बावीस, उन्हानं कानांची सालं निघालेली. खोबरं न्यायला येणाऱ्या गलबतातून तो आमच्या बेटाच्या धक्क्यावर उतरला तेव्हा माझे बाबा, तेइहो, तिथंच दगडावर गुडघे टेकून रडायला लागले. चाळीस वर्षं ते त्या गलबताची वाट बघत होते. गलबत दर दोन-तीन महिन्यांनी यायचं. दर वेळी बाबा आंघोळ करून पांढरा सदरा घालायचे, आणि दर वेळी गलबतातून पिठाची पोती आणि एखादा चिनी व्यापारी उतरायचा.

ह्याच पंथाचा पहिला मिशनरी आला तो माझ्या जन्माच्या आधी. त्याला आमची माणसं सिमेओना म्हणायची. त्यानं अख्ख्या वस्तीला बेटाच्या आतल्या शांत पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला, माझ्या आईला माझ्यासकट. मग फ्रेंचांचं राज्य आलं आणि त्यांच्यामागून त्यांच्या पंथाचा पाद्री. शिपायांनी सिमेओनाला धरून गलबतावर घातलं. जाताना तो म्हणाला, "मी येईन, नाहीतर माझी माणसं येतील. तोवर सांभाळा."

बाबांनी सांभाळलं. पाद्रीनं पोवळ्याचे दगड रचून देऊळ बांधलं, तिकडे जाणाऱ्याला पीठ मिळायचं. आमच्याकडे यायचं तर शिपायाच्या शिव्या मिळायच्या. मनाई असताना भजनं गायली म्हणून बाबांना लांब पापिएते शहरातल्या तुरुंगात नेलं, तिथं रस्त्याची खडी फोडायला लावली. परत आले तेव्हा दोन बोटं नव्हती. आल्या आल्या विचारलं काय, तर "गेल्या रविवारी कुणी प्रार्थना चालवली?" प्रभुभोजनाला भाकरी नाही म्हणून ओलं खोबरं मोडायचं, द्राक्षरस नाही म्हणून शहाळ्याचं पाणी फिरवायचं, पण एक रविवार चुकला नाही. मला वाचायलाही त्यांनीच शिकवलं, एकुलत्या एका बायबलावर, उलट्या बाजूनं बसवून. कारण सरळ बाजूला ते स्वतः बसलेले असायचे. मी अजून पुस्तक उलटं धरलं तर जास्त भरभर वाचते.

तर असा माणूस धक्क्यावर रडतोय, आणि एलेमा त्याला हात धरून उठवतोय, आणि म्हणतोय, "उठा, तेइहोभाऊ, उठा."

माझी आत्या माहिनुई माझ्या कानाशी लागली. "भाऊ म्हणतोय गं. जमिनीची वाटणी मागायला आलाय का बघ."

"आत्या, त्यांच्यात सगळ्यांनाच भाऊ म्हणतात."

"सत्तरीच्या माणसाला? ह्याच्या आईनं ह्याला एक थोबाडीत दिली असती तर एवढ्या लांब यावं लागलं नसतं."

पण खरं सांगते, मला तेव्हा त्याची दया आली. आमची भाषा तो अशी बोलायचा जशी गरम दगडावरून अनवाणी चालतोय. मी त्याला केवड्याच्या पानांची नवी चटई दिली, कानांना खोबरेल लावलं. डुक्कर कापलं. शेजारच्या बेटावर याच्याही आधी दुसरे अमेरिकन येऊन गेले होते, ते म्हणायचे की सिमेओनाचे खरे वारस आम्हीच. भाऊबंदकी कुठं चुकलीये? बाबांनी त्यांना हाकललं नाही, पण मानलंही नाही. "आपली माणसं अजून यायचीत," म्हणाले. आता आपली माणसं आली होती आणि माझ्या हातचं डुक्कर खात होती. मला वाटलं, चला, म्हातारा सुखानं मरेल.

शनिवारी तोआए नावाच्या शेजाऱ्याचा बाप्तिस्मा ठरलेला होता. त्यानं दारू सोडली होती, किंवा दारूनं त्याला. बाबांनी मोठ्या मनानं म्हटलं, "एलेमा, तू आलायस, आता तूच दे." तो म्हणाला, "नाही, आधी तुम्ही कसं करता ते बघू."

मी पेटीतून पट्टी काढून दिली. बाबांनी ती डाव्या गुडघ्याला बांधली आणि तोआएचा हात धरून लंगडत पाण्यात उतरले.

ती रीतच आहे आमची. सिमेओना पहिल्यांदा पाण्यात उतरला तेव्हा त्याच्या डाव्या गुडघ्याला पट्टी होती आणि तो लंगडत होता. तेव्हापासून जो बाप्तिस्मा देतो त्यानं पट्टी बांधायची आणि लंगडत उतरायचं. का, ते बाबांनी पुढं बायबलात शोधून काढलं. याकोब रात्रभर देवाच्या दूताशी झुंजला आणि पहाटे लंगडत निघाला. म्हणजे जो दुसऱ्याला देवाकडे नेतो त्यानं धडधाकट, ताठ चालू नये. ती पट्टी गोड्या पाण्यात धुवायची, आणि आमच्याकडे गोडं पाणी किती असतं ते विहिरीला विचारा. तरी मी धुवायचे.

एलेमा आधी बघत राहिला. मग त्यानं तोंडावर हात धरला. मग त्याला आवरेना.

"माफ करा," तो म्हणाला, डोळे पुसत. "माफ करा, पण हे त्याला सांगायला हवं! अहो, तो पडला होता! पोवळ्यावर पाय घसरून आपटला होता आदल्या दिवशी. गुडघा फाटला होता. दर हिवाळ्यात शेकोटीशी बसून आम्हा पोरांना तो व्रण दाखवायचा आणि तुमच्या गोष्टी सांगायचा."

पाण्यात बाबा वळले. तोआए छातीपर्यंत पाण्यात तसाच उभा.

"दाखवायचा म्हणजे?" बाबा म्हणाले. "कोण?"

"सिमेओना. आमच्याच गावचा. ऐंशीच्या घरात आहे, पण खडखडीत. फळबाग आहे, दोन बायका, नातवंडं तर मोजू नका."

"दोन बायका!" माहिनुई आत्या ओरडली. "मग बिचाऱ्याला एक निरोप धाडायला वेळ कुठून मिळणार!"

कुणी हसलं नाही. बाबा लंगडायचं विसरून पाण्यातून धावत आले आणि एलेमाचे दोन्ही खांदे धरले. "जिवंत आहे? सिमेओना जिवंत आहे?" त्यांचं तोंड असं उजळलं होतं की मला बघवेना.

कारण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. चाळीस वर्षं आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली, मेलेल्या माणसासाठी करतात तशी. आम्हाला वाटायचं, समुद्रात बुडाला असेल, कैदेत सडला असेल. आणि हा बागेत फळं खात होता! शेकोटीशी बसून आमच्या गोष्टी सांगत होता!

"त्यानं निरोप का नाही पाठवला?" मी विचारलं.

एलेमा गोंधळला. "फाउकुराताई, फ्रेंचांनी बंदी केली होती ना. आणि त्याला वाटलं, तुम्ही सगळे पाद्रीकडे गेला असाल."

"त्याला वाटलं," मी म्हटलं. "बरं वाटलं त्याला."

तोआएचा बाप्तिस्मा त्या दिवशी झालाच नाही. एलेमानं थांबवला. जेवणं झाल्यावर त्यानं सगळ्यांना सभेच्या छपराखाली बसवलं आणि आता तो हसत नव्हता. म्हणाला, बाप्तिस्मा देण्याचा अधिकार हातातून हातात येतो. ज्याच्या डोक्यावर आधीच्या अधिकार असलेल्यानं हात ठेवलाय, तोच देऊ शकतो. "तेइहोभाऊ, तुमच्या डोक्यावर हात कुणी ठेवला?"

माझे बाबा खोटं बोलू शकत नाहीत. आमच्या घराला तो एक शापच आहे. नुसतं "सिमेओनानं" म्हणून थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"हात नाही ठेवला," ते म्हणाले. "त्याचे हात पाठीमागे बांधले होते. त्याला गलबताकडे ओढत होते, मी शिपायांच्या मधून पुढे घुसलो. त्यानं माझ्या नाकाला नाक लावलं, श्वास सोडला आणि म्हणाला, तेइहो, आता तू."

आमच्यात नाकाला नाक लावणं म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. श्वास देतात. आपला जीव दुसऱ्याच्या जिवात घालतात. यापेक्षा जास्त काय द्यायचं असतं माणसानं माणसाला?

"म्हणजे हात नाही," एलेमा म्हणाला.

"बांधले होते."

"मला समजतं, भाऊ. पण हात ठेवावाच लागतो."

"बांधले होते ना रे!" मी उठून उभी राहिले. "दोरी आम्ही बांधली होती का? सोडून घ्यायला हवी होती का शिपायाकडून? थांबा हो साहेब, जरा ह्यांना डोक्यावर हात ठेवायचाय, मग न्या!"

"फाउकुरा, बस," बाबा म्हणाले.

मी बसले नाही. एलेमाही उभाच होता, चेहरा लालबुंद, पण पोरगं मागं हटेना. त्यानं सांगून टाकलं. बाबांनी दिलेला एकही बाप्तिस्मा धरला जाणार नाही. लोकांचं मन चांगलं होतं, देव ते जाणतो, पण सगळ्यांना पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल. सोमवारी सकाळी. आधी तेइहोभाऊ, मग बाकीचे.

"आणि रुआ?" मी म्हटलं.

रुआ माझा नवरा. शिंपल्यांसाठी बुड्या मारायचा. हा माणूस खाली अंधाऱ्या पाण्यात हसत जायचा, पण बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतर म्हटलं की त्याला सर्दी व्हायची. बाबांना चिडवायचा, "मामा, पाय धड असून लंगडायचं म्हणजे कमाल आहे." बाबा म्हणायचे, "तुझी जीभ धड आहे, तरी पिऊन आलास की अडखळतेच ना?" बारा वर्षं मी त्याच्या मागं लागले. रडले, भांडले, उपाशी ठेवलं. शेवटी एका वर्षी, बुड्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, तो आपणहून बाबांकडे गेला आणि म्हणाला, "चला मामा, तुमच्या पोरीची कटकट संपवू." बाबांनी त्याला बुडवून काढलं. वर आला तो खोकत, शिव्या देत. त्याच हंगामात एका खोल बुडीतून वर आला, माझ्याकडे बघून हसला, आणि मग त्याचे हातपाय त्याचे राहिले नाहीत. संध्याकाळच्या आत गेला.

मी एकाच गोष्टीवर उभी होते तेव्हापासून. की बरं झालं, वेळेत झालं. तो देवाच्या दारातून आत गेला.

"आणि रुआ?" मी पुन्हा विचारलं.

"त्यांचीही सोय आहे," एलेमा घाईनं म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं असावं की काहीतरी चांगलं सांगता येतंय. "आमच्याकडे मंदिर आहे. तिथं मेलेल्या माणसाच्या नावानं एखादा जिवंत माणूस पाण्यात उतरतो. मी स्वतः सांगेन तिकडे. कुणीतरी उतरेल रुआभाऊंसाठी."

"कुणीतरी?"

"कुणीही चांगला माणूस."

"रुआ मेला तेव्हा कुणी चांगला माणूस त्याच्यासाठी मेला होता का? त्याचं तो मेला. मग भिजायला परका कशाला? तो भिजलाय! मी काठावर उभी होते, मी त्याचे केस पुसलेत!"

आत्यानं मला ओढून खाली बसवलं. 

रविवार आला. भजनं झाली, एलेमानं खोबरं मोडलं. सोमवारी सकाळी मी चुलीपाशी होते, तेव्हा बाबा पांढरा सदरा घालून आले.

"जाताय?" मी म्हटलं.

"जातो."

"बाबा, नीट ऐका. तुम्ही आज पाण्यात उतरलात, की रुआ कोरडा. तुम्हीच कबूल केलंत असं होईल की ते पाणी नुसतं पाणी होतं."

ते पाटावर बसले. दोन बोटं नसलेला हात दुसऱ्या हातानं चोळत राहिले. "मला भीती वाटते गं. केवढ्या माणसांना मी बुडवून काढलं. त्यातली निम्मी गेली. चूक झाली असेल तर ती माझी आहे, आणि ते सगळे माझ्यामुळे दाराबाहेर उभे आहेत. मग आधी मीच उतरायला नको?"

"चूक तुमची? जो परत आला नाही त्याची नाही?"

"तो म्हातारा झालाय."

"तुम्ही काय तरुण राहिलात?"

त्यावर ते हसले, आणि मला त्यांचाही राग आला. त्या माणसाला आयुष्यात कधी कुणाचा राग आला नाही. सगळा माझ्यासाठी ठेवला. "जा," मी म्हटलं. "उतरा. वर आल्यावर अंग पुसायला मी येणार नाही."

पण मी गेले. कापड न घेता गेले.

अख्खी वस्ती काठावर होती. पाद्रीकडची माणसंसुद्धा जरा लांब, माडांखाली बसून तमाशा बघत होती. एलेमा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. बाबा उतरले. पट्टी नाही, लंगडणं नाही. साध्या पावलांनी चालत गेले. मला वाटलं, झालं. संपलं. मी डोळे मिटणार होते, पण रागानं माणसाचे डोळेही मिटत नाहीत.

एलेमानं एक हात वर केला. "तेइहो," त्यानं सुरुवात केली.

"थांब," बाबा म्हणाले. "तेइहो म्हणू नको. रुआ म्हण."

"काय?"

"मेलेल्याच्या नावानं जिवंत माणूस उतरतो, असं तूच सांगितलंस. मी जिवंत आहे. रुआ माझा जावई. मी त्याच्यासाठी उतरलोय. तो झाला की त्याच्या पाठचे. सगळ्यांची नावं माझ्या तोंडात आहेत, तू फक्त बुडवत जा. माझं शेवटी बघू."

काठावर कुजबुज झाली. एलेमानं हात खाली घेतला. "तेइहोभाऊ, ते इथं नाही होत. त्याला मंदिर लागतं."

"पाणी लागतं ना?"

"पाणी लागतं, पण मंदिरातलं."

"किती लांब आहे?"

"गलबतानं महिनाभर. मग पुढं आगगाडीनं."

बाबांनी विचार केला. अगदी खरा विचार केला, मासे कुठल्या बाजूनं येतील याचा करतात तसा. त्यांच्या मनात डाव होता की ते इतके साधे होते, ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढंही कधी विचारवलं नाही.

"मग ह्या लोकांना मी इथं कोरडं ठेवून पुढं कसा जाऊ?" ते म्हणाले. "मीच त्यांना पाण्यात घेऊन आलो होतो. असं कर. तुमच्याकडे मेलेल्यांची सोय आहे ना? मग माझीही तिथंच कर. फार दिवस थांबावं लागणार नाही तुला. रुआ आणि मी एकाच पाण्यातले आहोत. आत तर आत, दारात तर दारात."

"पण भाऊ, तुम्ही जिवंत आहात! तुम्हाला आज मिळतंय!"

"हो," बाबा म्हणाले. "तुझे उपकार आहेत." आणि त्यांनी पुढे होऊन त्या पोराच्या नाकाला नाक लावलं. मग वळून बाहेर आले.

एलेमा पाण्यात एकटाच उभा राहिला. इतका तरुण दिसत होता की माझ्या जागी दुसरी असती तर विरघळली असती. त्यानं पुढचं नाव घेतलं. कुणी हललं नाही. त्यानं आणखी एक घेतलं. मग तोआए उतरला, कारण त्याचा तर झालाच नव्हता, त्याला कुणी काय म्हणणार. त्याच्यामागून दोन घरं उतरली. आणि मग माझी सख्खी आत्या माहिनुई लुगडं सावरत निघाली.

"आत्या!"

"ओरडू नकोस. माझा एकदा झालाय, आता दुसऱ्यांदा. कुठला चालतो ते वर गेल्यावर बघू. दोन्ही असले म्हणून काय बिघडलं?" दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "आणि त्या पोराकडे बघ की. रडेल आता."

तेव्हापासून वस्तीत दोन तट आहेत. एका छपराखाली बसतो, एकच भजन म्हणतो, पण खोबरं फिरतं तेव्हा अर्ध्या लोकांपर्यंत येऊन ताटली वळते. ताटली जिथं पोचत नाही त्या बाजूला मी बसते. एलेमाच्या जागी नंतर दुसरे आले, तिसरे आले. सगळे मला ताई म्हणतात, सगळे समजावतात. मी ऐकून घेते आणि विचारते, हात कुणी बांधले होते? 

त्या दिवशी बाबा ओल्या सदऱ्यानं माझ्या शेजारी वाळूत येऊन बसले. कापड नव्हतं, मी पदरानंच त्यांचे पाय पुसले, जरा जोरातच. ते समोर बघत होते. म्हणाले, "तो जेवायला आपल्याकडेच आहे ना आज?"

"त्या दोन घरांकडे जाऊ दे की."

"फाउकुरा. पाहुणा आहे."

उठले. चूल पेटवली, मासा भाजला. एलेमा आला, केस ओले, मान खाली, चटईच्या अगदी कडेला बसला. आमच्यात माशाचं डोकं पंक्तीतल्या सगळ्यात मानाच्या माणसाला जातं. आल्यापासून ते रोज त्याच्या पानात पडत होतं, आणि त्याला ते खाता यायचं नाही, डोळ्यांशी येऊन थांबायचा. त्या दिवशी मी ते उचललं, त्याच्या पानावरून नेलं, आणि बाबांना वाढलं.

त्याला कळलं. त्यानं शेपटीकडचा तुकडा घेतला. बाबा मात्र डोकं फोडून, बोटं चाटत, अगदी मन लावून जेवले.